मूळ

कळमन्यात रोज सकाळी हर्रास होतो, पण तो संत्र्यांचा.
ढीग दिसतो, वास येतो, फळ दाबून बघता येतं.
कामठी रोडवरच्या त्या बंद पडलेल्या क्लबात
कशालाच हात लावू देत नव्हते.
बिलियर्डच्या काठ्या गेल्या, पोचे पडलेल्या किटल्या गेल्या,
सत्तेचाळीस नंबरला हा चाकू आला
आणि माझं तोंड सवयीनं बोललं: अकराशे.
समोरून कुणीच वाढवलं नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

शकुन म्हणाली, यानं कांदासुद्धा चिरायचा नाही.
खरंच. बोटभर पातं,
टोकाशी येता येता विचार बदललेलं.
मुठीवर पितळी वेल, वेलीत एक पोपट,
या बाजूनं त्याचा डोळा लाल खड्याचा,
त्या बाजूनं नुसतं भोक.
आणि मुठीच्या शेवटाला हाडाची एक चपटी जीभ,
बोथट, गुळगुळीत,
फार बोलून झिजल्यासारखी.

मग मी त्याचं मूळ शोधत फिरलो.

खोब्रागडे सर म्हणाले, गोंडांचा,
आणि चहा संपेस्तोवर देवगडच्या किल्ल्यात पोचले.
महालातला एक शौकीन म्हणाला, भोसल्यांचा,
आणि लगेच दोन हजार काढले,
म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.
इतवारीतल्या सराफानं पोपट कसोटीवर घासला
आणि काही न बोलता परत दिला.
अजब बंगल्यातल्या बाईंनी हातमोजे घालून,
भिंगाखाली धरून, दोनदा उलटा करून,
'सांगता येत नाही' हे इतक्या सुंदर भाषेत सांगितलं
की मला त्याची पावती घ्यावीशी वाटली.
फक्त गड्डीगोदामच्या लोहारानं
पात्यावरून नख फिरवलं:
कानस होती ही. बघा, मुठीजवळ दात राहिलेत.
कुठली कानस?
ते कानशीला विचारा.

फेब्रुवारीत मृगाचा माल सुरू झाला.
काटोलकडचे झिबलजी घोरमाडे पट्टी न्यायला आले,
गादीवर टेकले.
चाकू पावत्यांवर पडला होता, वजन म्हणून.
त्यांनी विचारलं नाही, उचलला,
आणि अंगठा आपोआप हाडाच्या जिभेवर गेला.

'डोळा भराचा हाय ना जी हा.'

पात्यानं सालीला चीर द्यायची.
जिभेनं साल उचलायची, झाडाला कळू न देता.
आत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा,
वरून पट्टी बांधायची.
रोप जंबेरीचं, डोळा संत्र्याचा.
हे सगळं त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेवर करून दाखवलं,
टेबलाला साल असल्यासारखं.

मग पोपट काहून?
'कोणा सायबाले बागेचा नाद असन.
नाही तं माळ्याले पोपटाचा.'

चाळीस वर्षं मी संत्री विकतो.
संत्र्याच्या झाडाला संत्र्याचं मूळ नसतं,
हे मला माहीत होतं,
स्वतःचा गट्रू नंबर माहीत असावा तसं.
आणि मी गावभर एका चाकूला विचारत होतो,
तू मूळचा कुठला.
पोलाद कुणाचं, हाड कुठल्या जनावराचं,
पितळ कुठल्या घंटेचं की नळाचं,
पोपट कुणाच्या मनातला,
सगळं कुणीतरी एका मुठीत बसवलं
आणि ते धरलं. जगलं.

झिबलजी उठले. चाकू हातातच.
अजून आठ दिवस साल सुटते म्हणाले.
मी किंमत विचारली, माझ्याच मालाची,
धंदाच तसा.
त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला
आणि त्याखाली हात धरला, जुन्या दलालांसारखा.
मी बोटं दाबायची वाट पाहिली.
त्यांनी एकही दाबलं नाही.