वाटणी, रात्री सव्वादोनला

ग्दिन्याच्या गोदीमागे, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून समुद्र दिसत नाही,
फक्त त्याचं मीठ बिजागऱ्यांत गंज होऊन बसलेलं,
लुत्सिना चष्मा कपाळावर सरकवते
आणि यंत्राला विचारते : कोण कोण जागं आहे?

आठ सेल.
शून्य ते तीन : जकात.
चार, पाच : पगार.
सहा : चाचणी.
सात : कुणाचीच नाही. दिवा लागलेला, घरात माणूस नाही.

पुस्तिकेत लिहिलंय पार्टिशन.
मी फाळणी म्हणणार नाही,
त्या शब्दातून अजून फार माणसं चालतायत.
वाटणी म्हणू. भांड्यांची करतात तशी, मोजून,
आणि एक पळी कुणाकडे जास्त गेली
ते चाळीस वर्षं लक्षात ठेवून.

मार्चमध्ये जहाजं बांधणं थांबलं.
शेवटचा पगार शुक्रवारी निघाला, दोनशे सहा माणसांचा,
त्यात झेनेक, तिचा धाकटा भाऊ, वेल्डर.
आता चार आणि पाच जकातीला द्यायच्या.
कागदावर तिघांच्या सह्या आहेत.

कायेतान नवा आहे, सगळ्याची त्याला घाई.
बंद करू, परत चालू करू, झालं.
तसं नसतं, ती म्हणते.
यांना उठवायचं, पण आत घ्यायचं नाही.
उठतील, आपली मेमरी चाचपतील, शेवटच्या कप्प्यापर्यंत,
आणि उंबऱ्याशी थांबतील
कुणी नाव घेईपर्यंत.

आणि कुणी घेतलंच नाही तर?

थांबतील. वीज आहे तोवर.

यंत्र विचारतं : नक्की?
इथे मौनाला संमती धरत नाहीत.
काही न लिहिता एंटर मारलं, तर उत्तर नाही.
लुत्सिनाचं बोट वर राहतं,
चहा निवण्याइतकं नाही, पण राहतं.

(तिच्या लहानपणी एका घरात तीन कुटुंबं,
मधे प्लायवूड. पलीकडचा खोकला ओळखीचा,
पलीकडचं भांडण तोंडपाठ.
इथे मात्र एक कोसळला तरी
शेजाऱ्याच्या पाण्यावर तरंग उठत नाही.
ही भिंत चांगली, ती कायेतानला सांगते,
आणि पुढचं काही सांगत नाही.)

हो.

पंखे एकदम ओरडतात, मग खाली येतात.
चार : हजर.
पाच... पाच...
कायेतान खुर्चीतून अर्धा उठलेला.
पाच : हजर. एक मेमरीपट्टी वगळून.
म्हातारपण, लुत्सिना म्हणते, आणि वहीत नोंदते.

पावणेतीनला जकात सहा सेलांवर उभी राहते.
हॅम्बुर्गहून निघालेल्या कंटेनरांना
यातलं काही कळणार नाही.

सातचं काय? तीही देऊन टाकू?
राहू दे.
नाताळच्या आदल्या रात्री आपण मांडतोच ना
एक ताट जास्तीचं.

कपाटावरची पट्टी ती नखाने सोलते.
अक्षरं निघतात. गोंद निघत नाही,
सकाळपर्यंत त्याला धूळ चिकटेल,
आणि जवळ जाऊन पाहिलं
तर वाचता येईल.