कारणाचा रकाना

फॉर्म एकाच पानाचा होता.
नाव, वय, पत्ता. एवढं मी झोपेतही लिहीन,
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं हेच तर लिहिते,
चेंबूरच्या वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी तीन.
मग आलं: येण्याचे कारण.
पेन थांबलं.

आमच्याकडे कारणाशिवाय नोंद होत नाही.
माणूस गेलेला असला तरी त्याच्या माणसांना
परत पाठवतो आम्ही,
डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून आणा,
'अचानक' चालत नाही.

मी लिहिलं, झोप नाही. खोडलं.
लिहिलं, मार्चपासून शिक्का उचलवत नाही.
ते वेड्यासारखं दिसलं. तेही खोडलं.
तहेरा मॅडम म्हणाल्या, राहू दे की कोरा.
कोरा!
मनात म्हटलं, या बाईंचं ऑडिट होत नसावं.

सायन सर्कलजवळ, चष्म्याच्या दुकानावरचा माळा.
बाहेर पाटी नाही, याचंच मला बरं वाटलं.
घरी सांगितलंय, दाढेचं काम काढलंय.
दर बुधवारी साडेसातला
गाल जरासा धरून मी घरात शिरते
आणि दिगंबरनं मऊ भात लावलेला असतो.

पहिल्या दिवशी पाऊण तास बोलले
ते वरच्या बिऱ्हाडाच्या मिक्सरबद्दल.
पहाटे सहाला चटणी वाटतात, रविवारीसुद्धा.
त्यांनी तेही लिहून घेतलं.
आठशे रुपये.
जिना उतरताना वाटलं, एवढ्यात
त्या लोकांना महिनाभराची चटणी विकत आणून दिली असती.

दुसऱ्या बुधवारी गप्पच बसले.
खालून चष्मेवाल्याचा आवाज येत होता,
आता बघा. हे स्पष्ट, की हे?
आणि आता?
मी मनातल्या मनात उत्तरं देत होते,
सारखंच. सारखंच.

चौथ्या बुधवारी आईचा विषय निघाला.
मी सांगितलं: द्वारका, वय एक्क्याऐंशी, स्त्री,
ठिकाण राहत्या घरी, पहाटे चार दहा.
नोंद कुणी केली?
मीच. खिडकी माझीच ना.
रजेवरून आले त्या दिवशी अकरावी नोंद तिची.
शिक्का अगदी सरळ बसला.
मग मी म्हटलं, पुढचे या.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
खालून आवाज आला,
वाचा, सगळ्यात खालची ओळ.
मला समोरची भिंतसुद्धा दिसेना.

मार्चमधला तो पोरगा आठवला तेव्हा.
आईच्या नावात वेलांटी चुकलीय, म्हणाला,
ती होती तेव्हा असं लिहायची नाही.
लिहायची नाही, दोनदा म्हणाला.
माझा हात वरच राहिला, शिक्क्यासकट,
रांग खोकायला लागली,
साहेबांनी पाणी मागवलं.

बरं वाटतं का, विचाराल तर
तसं काही सांगता येत नाही.
झोप येते, मिक्सर लागेपर्यंत.
परवा तीन शिक्के वाकडे आले, साहेब ओरडले,
आणि मला त्या वाकड्या शिक्क्यांचं
जराही वाईट वाटलं नाही.
फॉर्ममधला तो रकाना अजून कोराच आहे.
दर वेळी फाइल उघडली की आधी तिकडे नजर जाते,
सवय.

काल दिगंबर भात वाढता वाढता म्हणाला,
एका दाढेला सात बुधवार?
कुठली दाढ, दाखव तरी.
मी तोंड उघडलं.
तो उठून बॅटरी घेऊन आला,
माझी हनुवटी धरून आत बघत राहिला,
बराच वेळ.
इथे तर काही दिसत नाही, म्हणाला.
तिथे नाहीये, म्हटलं.

भात गार होत होता.
त्यानं बॅटरी बंद केली नाही.