जेवढा होता तेवढा

आधी नादकाटा.
टेबलाच्या कडेवर आपटते
आणि उदेभान गावंडेंच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवते.
"थरथर लागते का?"
"आवाज येते जी मॅडम. कानात येते.
पायात नाही येत."

घोट्यावर नाही.
नडगीच्या मधोमध नाही.
गुडघ्याखाली चार बोटं, तिथं ते गप्प झाले,
मग म्हणाले, "हां. इथं भेटली."
जशी काही ती तिथंच थांबली होती,
फाट्यावर, एसटीची वाट बघत.

एकतीस वर्षं ते शाळेची घंटा वाजवत.
घंटा म्हणजे शकुंतलेच्या रुळाचा वीतभर तुकडा,
कडुलिंबाला तारेनं टांगलेला.
"पह्यला टोला हातात लागे, कोपरापर्यंत.
मंग पोट्टे पयत."

मी फॉर्मवर लिहिते: कंपन नाही. कापूस नाही.
टाचणी अर्धवट.
हे आधी लिहायचं असतं.
उद्या बधिरपणा उरला तर तो साखरेचा की माझा,
याची वाटणी आजच करायची असते,
दोघांच्या सह्यांनिशी.

बाभळीचा काटा चपलेतून वर आला होता.
त्यावरून ते दोन दिवस चालले,
पुतणीच्या लग्नात पंगतीला वाढलंसुद्धा.
सारवलेल्या ओसरीवर सुनेला ठिपके दिसले
म्हणून कळलं.
आता दोन बोटं जायची आहेत.

पूर्ण भूल नको, हृदय थकलेलं,
जठर इतकं संथ की रात्रीची भाकर अजून तिथंच असेल.
कमरेतून नको, रक्तदाब एकदा खाली उतरला
की वर यायचा रस्ता त्याला आठवायचा नाही.
उरली गुडघ्यामागची नस.

बाळंतिणींच्या वॉर्डातून सोनोग्राफी मागून आणली.
पडद्यावर धमनी काळी, उडणारी,
आणि तिच्या डोक्यावर नस,
पांढरट, छिद्राछिद्रांची, अगदी मधाचं पोळं.
शिकत होते तेव्हा आवडायचं हे चित्र.
मधुमेहाच्या माणसात पोळं दिसलं
की आता नाही आवडत.

करंट लावला. पुस्तकात पंजा अर्ध्यावर हलतो.
अर्ध्यावर नाही हलला. एकवर नाही.
सुई लांब आहे म्हणून,
की नसेच्या आत घुसलीय म्हणून?
दुसरा कोणी असता तर कळवळला असता,
तेवढीच माझी राखण.
इथं राखणदारच झोपलेला.
सुई केसभर मागे घेतली.
मडावी सिस्टरनं काही न बोलता
खरखरणारा एसी बंद केला.
दीडवर पंजा एकदा झुकला.
औषध थोडं, पातळ, ॲड्रेनॅलिनशिवाय,
पोळ्याच्या भोवतीनं.

"झोपवलं का पायाले?"
"हो."
"झोपलेल्याले कायले झोपवता?"
याच पायात रात्री मुंगळे चावतात,
हे सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.
मी आठवण करून दिली नाही.

सर्जन अर्ध्या तासात यवतमाळला निघून गेले.
बाकीच्यांचा पाय संध्याकाळपर्यंत येतो.
रात्री नऊला आला नाही.
साडेअकराला नाही.
दारव्ह्याहून शेवटची गाडी कधीच सुटली होती.
औषध जुन्या साखरेत जास्त मुक्काम करतं,
हे मला माहीत आहे, मीच शिकाऊंना सांगते,
तरी दर तासाला बॅटरी घेऊन
पट्टीबाहेरच्या तीन बोटांपाशी जाऊन उभी राहिले.

पहाटे चार वाजून दहा.
पंजा हळूच खाली गेला. पुन्हा वर.
"परत आला का पाय?"
"आला."
"पहिल्यासारखा?"
त्यांनी जरा विचार केला.
"जेवढा होता तेवढा आला."

मग म्हणाले, "तो काटा द्या न जरा."
खाटेच्या लोखंडावर आपटला,
दांडी मुठीत घट्ट धरली, डोळे मिटले.
किती वेळ.

पलीकडच्या खाटेवरचं पोरगं उठून बसलं.