हरकत क्रमांक ४३१७

नकाशावर टेकडी हिरवी, घरं पिवळी,
नदी निळी. नदीला नाव आहे,
म्हणून रंग मिळतो.
ओढ्याचं काय?
दहा हजारास एक या मापात
तो पेन्सिलीच्या टोकाहून बारीक.
खोडरबराचा चुरा फुंकला की त्यासोबत जातो.

सुनावणीचा अकरावा दिवस.
माणशी तीन मिनिटं.
सकाळपासून जो तो हेच सांगत होता,
रस्ता इकडून नको, तिकडून न्या,
आमच्यावरचं उद्यान शेजारच्यावर टाका.
मी, आरेखक श्रेणी दोन, मागच्या बाकावर
क्रमांकांपुढे टिंबं देत होतो.

केरबा ओव्हाळ, वॉचमन, उंड्री.
'मिळकतीशी संबंध' या रकान्यात
त्यानं लिहिलं होतं:
रात्रपाळी.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"तळघरात गाड्या लागत्यात, साहेब.
पंप आठ महिनं बंद नाय.
रात्री लाईट गेली की थांबतो,
मग ऐकू येतो."
कोण?
"वढा.
सतरा नंबरच्या गाडीखाली खेकडा बसतो.
गाडी बदलली, मालक बदलला,
खेकडा तिथंच.
त्याच्याकडं जुना सातबारा असंल."

हसले बरेच जण.
सव्वा मिनिट उरलं होतं.
केरबा ते न बोलता उभा राहिला,
टोपी हातात,
आणि आम्हाला छताचा पंखा ऐकू यायला लागला.

संध्याकाळी अभिलेख कक्षात शिडी लावली.
ट्रेसिंग कापडाला डांबरगोळ्यांचा वास.
सर्वांत जुन्या पत्रकावर तो होता,
डोंगराच्या कुशीतून निघालेला, केसाएवढा निळा,
दोन विहिरींना बगल देऊन
बाभळीच्या खुणांमधून खाली.
त्यानंतरच्या पत्रकावर नाही.
खाडाखोड नाही, ओरखडा नाही,
नुसता काढायचा राहिलेला.

कोपऱ्यात आरेखकाची सही.
वळणदार, नवी नोकरी लागल्यासारखी.
माझी.

आठवत नाही तो दिवस.
घाई असेल. दाढ दुखत असेल.
रोट्रिंगच्या पेनातली निळी शाई संपली असेल
आणि काळी भरलेली असेल.
कुणी मला पैसे दिले नव्हते,
हे सांगायला आता कुणी समोर नाही,
आणि सांगून पाणी कुठे वळणार आहे?

स्क्रीनवर नवा थर उघडला.
रेघ ओढली. ती सी विंगच्या जिन्यातून गेली,
क्लबहाऊसमधून, पोहण्याच्या तलावातून,
जिथे पाणी टँकरनं येतं.
दोन्ही काठांना नऊ-नऊ मीटर मोकळं सोडलं.
सकाळी कुणीतरी ते चार करेल,
दुपारपर्यंत दीड.
तरी रेघ असेल, तिला खोडायला
या वेळी सही लागेल.

अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं:
स्थळपाहणी आवश्यक.
मग कंसात, कार्यालयीन भाषेत बसेल असं,
वेळ टाकली:
रात्री, वीजपुरवठा खंडित असताना.