अनुभव असल्यास

एजन्सीच्या फॉर्मवर चौदावा रकाना:
आवाजी अभिनयाचा अनुभव, असल्यास.
खाली तीन ओळी. तीनच.
गेमा फोनवर म्हणाली, "शूबाडा, खरा अभिनय तेवढाच लिही."
मी शुभदा. पण ते राहू दे.

शेफील्डमध्ये, जिथं पूर्वी सुऱ्यांना धार लावायचे
त्या कारखान्याच्या तळघरात आता स्टुडिओ आहे.
भिंतींना स्पंज, दाराला जुनी रजई खिळ्यांनी ठोकलेली.
मंगळवारी सकाळी तिथं मी अकरा वेळा मेले.
बाणानं. आगीत.
कड्यावरून दोनदा,
कारण पहिल्यांदा म्हणे मी पडायला फार वेळ लावला.
काचेपलीकडून डरमट: "आणखी ओलं मर."
मेले. ओलं.
शब्द एकही नव्हता. तासाचे साठ पौंड,
आणि परतीच्या बसमध्ये जिभेखाली खडीसाखर.
हे धरावं?

त्याआधी एका मालिकेत मी गर्दी होते.
मागची, धूसर, बाजारातली.
"काहीही बोला, फक्त कळता कामा नये."
म्हणून मी कारल्याची भाजी सांगितली,
मीठ चोळून ठेवण्यापासून थेट फोडणीपर्यंत,
शेजारची पोलिश बाई तावातावानं
बहुतेक घरमालकाचा उद्धार करत होती,
आणि पडद्यावर आम्ही दोघी कुठल्याशा वाळवंटात
उंटांचा भाव पाडत होतो.

एकदा नुसते मजले वाचले,
आणि वर चार-पाच वाक्यं, कुठल्याशा कंपनीला.
चाळीस पौंड, रोख. पुढं त्याचं काय झालं
मी विचारलं नाही.

बुधवारी मी दुभाषी असते.
टेकडीवरचं इस्पितळ, गळ्यात पट्टी, पट्टीत माझा वाईट फोटो.
तिथला नियम असा, की ‘मी’ म्हणायचं.
डॉक्टर म्हणाली ‘मी’, की मी ‘मी’.
पेशंट म्हणाला ‘मी’, तरी मीच ‘मी’.
आणि पदरचा भाव घालायचा नाही. तशी सही केलीय.

सदावर्ते. वय सत्त्याहत्तर. चिपळूणहून लेकाकडे आलेले.
लेक पार्किंगचे पैसे भरायला गेलेला, तेवढ्यात
डॉक्टर बोलली. मी बोलले:
"माझ्याकडे आता देण्यासारखं औषध उरलेलं नाही."
सपाट. बँकेत खातं क्रमांक सांगावा तसं.
ते बघत राहिले माझ्याकडे,
डॉक्टरकडे नाही.
चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत चढवला.
"वाटलंच होतं मला. बाईंना विचारा, चहा झाला का त्यांचा?"

मी इंग्रजीत म्हणाले, मला वाटलंच होतं.
मी इंग्रजीत विचारलं, चहा झाला का तुमचा.
डॉक्टरनं खाली पाहिलं, बराच वेळ.
डरमट असता तर म्हणाला असता,
टाकून दे हा टेक, यात काहीच नाही.

खाली जायला लिफ्ट. लेक खाली थांबलेला.
दार मिटलं
आणि छतातून मी बोलले.
नऊ वर्षांपूर्वीची मी,
घसा स्वच्छ, लग्न अजून टिकलेलं,
त, द, र सगळे जागच्या जागी.
सदावर्त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. ओठ बंद.
पुन्हा वर पाहिलं.
"तुम्हीच ना त्या? काय म्हणालात?"

सवयीनं, नियमाप्रमाणे, भाव न घालता
मी माझंच भाषांतर केलं:
"मी खाली जातेय."

"मीपण," ते म्हणाले
आणि हसले, खोकला येईपर्यंत हसले.

आता हे इंग्रजीत
कुणाला सांगायचं?
मी छताकडे पाहिलं.
पहिला मजला, मी वरून म्हणाले.
मग तळमजला.