कोन बदलून पाहा

ड्यूटेरॉन म्हणजे जोडीनं निघालेले दोघे.
एक जस्ताच्या गाभ्यात राहून जातो,
दुसरा एकटाच बाहेर येतो,
आणि त्याच्या चालीवरून आम्ही ताडायचं
मागे राहिलेल्याला कितव्या मजल्यावर जागा मिळाली.
हा जितका दमलेला, तितका तो वर.

दांडिया बाजारातली खोली, रात्रीचा दीड.
दिल्लीहून आणलेल्या डिस्कवर
मोजून एकोणीस प्रोटॉन
कुठल्याच तक्त्यात बसेनात.
एवढासा उंचवटा. माझी पायरी!
खाली सेव-उसळवाला पातेली घासत होता,
त्याला हाक मारून सांगावंसं वाटलं.

सकाळी सरनोबत बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"पत्र्यावर कार्बन बसतोच गं,
देव्हाऱ्यावर काजळी धरते तसा.
कोन बदलून पाहा.
खरी पायरी जागची हलत नाही."

पंचवीस अंश. चाळीस.
सरकला.
पंचावन्नला तर पार शेजारच्या शिखरात शिरला.

वहीत तारीख घातली, लिहिलं : कार्बन.
संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर
सायकल हातात धरून खाली पाहिलं.
गाळात काहीतरी लांबट, काळं.
ओंडका असेल, किंवा मगर.
चार पावलं पुढे गेले
आणि पुन्हा पाहिलं.