फर्मा

वाचनालयाची ती प्रत पुन्हा आली
महालात, माझ्या दुकानी, शिलाई उसवून.
हिच्यात नाग नदी उगमाकडे वाहते,
सतरावं प्रकरण दोनदा, पहिलं शेवटी.

समासात पेन्सिल : ‘काहून लिहिलं बे हे?’
त्याखाली ढबाले मास्तरांचं बारीक अक्षर :
‘नव्वद पानं धीर धरा.’
देवयानी खोब्रागडेनं म्हणे
घरी भिंतभर नकाशा काढला हिचा.
आणि कुणीतरी चहाचा कप टेकवून
दिलाय गोल निकाल.

सगळ्यात जास्त खुणा
एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस.
‘इथे काळ खरंच वळतो!!!’

तो फर्मा
मागच्या मे महिन्यात, कूलरसमोर पेंगत,
मीच उलटा शिवला होता.

सुई ओवून बसलोय केव्हाचा.
सरळ करू का, मास्तर?